पन्हाळगडाची धान्यकोठारे

कोल्हापूरहून पन्हाळगडावर येणारा प्रवासी बहुधा तीन दरवाजाचे नक्षीकाम पाहतो, सज्जाकोठीच्या गवाक्षातून खालचा मुलूख न्याहाळतो आणि झुणकाभाकर खाऊन संध्याकाळच्या आत गड उतरतो. परंतु ज्यांच्या बळावर हा दुर्ग वेढ्यांना तोंड देत राहिला आणि पुढे राजधानीच्या योग्यतेस चढला, त्या अंबरखान्याच्या कोठ्या आणि अंधारबाव यांच्या वाट्याला त्याची उडती नजरच येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिलाहार राजा दुसरा भोज याने वसविलेला हा गड पुढे यादव, बहामनी आणि आदिलशाही अमलाखाली गेला. 1659 च्या नोव्हेंबरात, अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठराव्या दिवशी, तो शिवछत्रपतींनी घेतला. आणि पुढल्याच मार्चमध्ये सिद्दी जौहरने त्याला असा करकचून वेढा घातला की ऐन पावसाळ्यातही तो सैल पडला नाही. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांच्या आत्मार्पणाची कथा मराठी माणसास सांगायला नको; पण महाराज वेढ्यातून निसटले त्या जुलैच्या रात्रीपूर्वी सुमारे चार महिने गडावरची शिबंदी खात काय होती, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

त्याचे उत्तर गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठ्यांत आहे. त्यांतील गंगा कोठी सर्वांत मोठी. तिची साठवण 25,000 खंडी असल्याचे सांगतात. बाहेरून दोन्ही अंगांनी दगडी जिने थेट छतावर जातात. तेथील भोकांतून भात, नागली, वरी खाली ओतावयाची, अशी ही योजना. आत, जाड भिंतींच्या गारव्यात उभे राहून वर पाहिले म्हणजे कमानींवर तोललेल्या छताच्या त्याच छिद्रांतून उजेडाचे कवडसे उतरताना दिसतात. शिवकाळी गडाच्या कारभारात हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीने केवळ धान्यसाठा व सामग्री सांभाळण्यासाठी स्वतंत्र कारखानीस का नेमीत, ते येथे प्रत्यक्ष उमगते.

पाण्याविषयीची दक्षता तर याहून तीक्ष्ण. काळ्या पाषाणाच्या तीन मजली अंधारबावीत तळाशी विहीर, वर पहारेकऱ्यांसाठी देवड्या आणि तटातून बाहेर निसटण्यास चोरवाट. म्हणजे गड पडला तरी पाणी शत्रूच्या हाती लागू नये, यासाठी रचलेला हा गडातला गडच होय.

ताराराणींच्या काळापासून राजधानीचे स्थान असलेल्या पन्हाळ्याहून 1782 मध्ये गादी कोल्हापूरला गेली. 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी चार दरवाजा जमीनदोस्त केला, तटाचीही मोडतोड केली. कोठ्या मात्र शाबूत राहिल्या. 2025 साली जागतिक वारसायादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा दुर्गांत पन्हाळा आहे, आणि आजही त्यावर नांदते गाव आहे. तेथे जाणाऱ्यांनी गंगा कोठीला निदान अर्धा तास द्यावा आणि तिच्या भिंतींवर आपले नाव कोरू नये, एवढीच विनंती.