रेग्युलर का बाहेरून?

गेवराई तालुक्यातलं चकलांबा घ्या, नाहीतर बीड जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. पोरगा किंवा पोरगी पदवीधर आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, रेग्युलर का बाहेरून? स्थळ बघायला आलेले पाहुणे तो विचारतात, संस्थाचालक विचारतात, खासगी कंपनीत मुलाखत घेणारा साहेबही विचारतो. 'बाहेरून' या एका शब्दात आपण बरंच काही कोंबून ठेवलं आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दिलेली दहावी-बारावी बाहेरून, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची बी.ए. बाहेरून, विद्यापीठाच्या बहिःस्थ विभागातून केलेलं एम.ए. बाहेरून, आणि आता मोबाईलवर तासिका ऐकून मिळवलेली ऑनलाइन पदवीही बाहेरूनच. उंबऱ्याच्या आत कोण नि बाहेर कोण, हे ठरवायची आपली सवय जुनी आहे. इथे मात्र ती चुकीच्या जागी वापरली जाते. पदवीचा कस परीक्षेवरून ठरायला हवा, वर्गातल्या बाकावरून नव्हे, असं माझं म्हणणं आहे.

कायद्यापुरतं बोलायचं तर हा वाद मिटलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2020 मध्ये मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे विनियम काढले. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने पुन्हा स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. इतकंच नाही, 2021 च्या विनियमांप्रमाणे नियमित महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून मिळवता येतात. म्हणजे आत आणि बाहेर यांच्यातली भिंत सरकारनेच निम्मी पाडली आहे. पाहुण्यांच्या मनातली भिंत तेवढी शाबूत आहे.

ती उगाच उभी राहिलेली नाही, हेही मान्य करायला हवं. एकेकाळी पहिली पदवी नसतानाही मुक्त विद्यापीठांतून थेट एम.ए. करता येत होतं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात अशी पदवी ग्राह्य धरली नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याच न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी न घेता पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांना दणका दिला. काही तुकड्यांच्या पदव्या रद्द झाल्या, तर काहींना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत नागपूरच्या एका संस्थेचं नाव वर्षानुवर्षे होतं. गल्लीबोळात 'पास होण्याची हमी' देणाऱ्या पाट्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. लोक दुधाने पोळले आहेत, म्हणून ताकही फुंकून पितात. पण या सगळ्या प्रकरणांत खोट निघाली ती प्रवेशात, परवानगीत किंवा परीक्षेत. विद्यार्थी घरी बसून शिकला म्हणून कुठलीच पदवी बाद झाली नाही. नेमका हा फरक लोकांच्या बोलण्यातून निसटतो.

आता 'रेग्युलर'कडे वळू. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं तेव्हा ते काहीच शिकवत नव्हतं. शिकवण्याचं काम महाविद्यालयांचं होतं. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदवी देई. 1862 मध्ये रानडे, भांडारकर पदवीधर झाले ते या व्यवस्थेतून. त्यांच्या पदवीला जो मान मिळाला तो परीक्षेच्या कडकपणामुळे. लंडन विद्यापीठाने तर 1858 पासून कुठेही शिकलेल्या उमेदवाराला परीक्षेला बसू दिलं होतं. आज आपल्याकडे चित्र उलटं झालं आहे. कागदावर 75 टक्के हजेरीची अट आहे. पण नाव गावाजवळच्या महाविद्यालयात आणि मुक्काम पुण्यात किंवा संभाजीनगरात, पोलीस भरतीच्या मैदानावर नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, हा प्रकार मराठवाड्यात कुणाला नवा नाही. असा विद्यार्थी थेट परीक्षेलाच उगवतो. त्याला आपण रेग्युलर म्हणतो. शिवाय 2020 मध्ये काय झालं ते आठवून पाहा. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्टला दिला. त्यानंतर राज्यातल्या असंख्य रेग्युलर मुलांनी घरातल्या मोबाईलवर बहुपर्यायी प्रश्न सोडवून पदवी घेतली. त्या तुकडीलाही 'कोरोना बॅच' म्हणून टोमणे बसलेच. याचा अर्थ लोकांना खरी धास्ती परीक्षेची आहे हे त्यांनाही आतून ठाऊक आहे, फक्त बोट ते बाकाकडे दाखवतात.

या टोमण्याची किंमत कोण मोजतं? यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये नाशिकला सुरू झालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. त्याचे विद्यार्थी कोण असतात? नोकरी सांभाळून बी.ए. करणारा पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, डी.एड. करून पदवी राहून गेलेला गुरुजी, लग्नानंतर पुन्हा पुस्तक हातात घेतलेली सून. बीड जिल्ह्यात आणखी एक वर्ग आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. महाविद्यालयाचं वर्ष जून-जुलैत सुरू होतं, आणि अभ्यासाचा भर येतो तेव्हा ही माणसं फडात असतात. त्या घरातल्या पोराने पदवी घ्यायची तर पाचटाच्या ढिगाशेजारी बसून घ्यावी लागते. त्याला रेग्युलर का नाही केलंस असं विचारणं म्हणजे पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्याला शॉवरखाली अंघोळ का करत नाहीस, असं विचारण्यासारखं आहे. बार्शी तालुक्यातले रमेश घोलप डी.एड. करून शिक्षक झाले, मुक्त विद्यापीठातून कला शाखेची पदवी घेतली आणि 2012 मध्ये भारतीय प्रशासन सेवेत गेले. एका उदाहरणावरून नियम होत नाही, हे खरं. पण स्पर्धा परीक्षा उमेदवाराला बाकाचा हिशेब विचारत नाही आणि तिथे बाहेरूनवाले टिकतात, एवढं त्यावरून दिसतं.

एक आक्षेप मात्र मला जड वाटतो. महाविद्यालय म्हणजे नुसता अभ्यास नव्हे. एस.टी.चा पास काढून तालुक्याला जाणं, परजातीच्या मुलांशी मैत्री, वाचनालय, वादविवाद, निवडणूक, हे सगळं मोबाईलच्या पडद्यावर येत नाही. मुलींच्या बाबतीत तर 'घरबसल्या पदवी' ही सोय न राहता सबब होऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. अशा जिल्ह्यात एखादा बाप 'घरीच कर की बी.ए., कशाला रोज बसने जायचं' म्हणाला, तर ती पदवी मुलीला दार उघडून देत नाही, ते लावून घेते. म्हणून जिथे जाणं शक्य आहे तिथे मुलीला महाविद्यालयातच पाठवावं, असं माझं मत आहे. ऑनलाइन पदवी ही ज्यांचं जाणं खरोखरच अडलेलं आहे त्यांची वाट आहे. पण त्या वाटेने आलेल्याला दुय्यम ठरवण्याचा अधिकार या आक्षेपातून मिळत नाही.

हा संशय एकट्या मराठी माणसाचा नाही. अरब देशांत तर तो आणखी घट्ट आहे. आखाती सरकारांनी दूरस्थ पदव्यांना समकक्षता देताना वर्षानुवर्षे हात आखडता घेतला. नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्या आपल्या लोकांनाही पदवीच्या साक्षांकनाच्या वेळी त्याची झळ बसते. कुवेतमध्ये मुख्यालय असलेलं अरब मुक्त विद्यापीठ 2002 मध्ये सुरू झालं तेव्हा त्याने ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाशी करार केला आणि प्रत्यक्ष वर्गही ठेवले. लोकांचा विश्वास बसायचा तर कुणाचा तरी शिक्का लागतो, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे हा शिक्का कडक परीक्षेचा असायला हवा. परीक्षा केंद्रावर ओळख पटवून, कॅमेऱ्याखाली आणि बाहेरच्या निरीक्षकासमोर व्हावी. मुक्त विद्यापीठांनी जाहिरातींवर कमी आणि यावर जास्त खर्च केला, तर 'बाहेरून' या शब्दातला खवचटपणा आपोआप ओसरेल.

तोवर विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. फी भरण्याआधी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या विद्यापीठाची, अभ्यासक्रमाची आणि त्या वर्षाची, अशी तिन्हींची मान्यता पाहावी, कारण विद्यापीठ खरं आणि अभ्यासक्रम विनापरवाना असंही घडतं. आणि मुलाखतीला जाताना 2022 च्या त्या सूचनेची छापील प्रत फाईलमध्ये ठेवावी. पुष्कळ साहेबांनी ती अजून वाचलेली नाही.