वाटलेल्या शेळ्या आणि जगलेल्या शेळ्या



या मालिकेत आपण बहुतेक वेळा सीमा, सैन्य आणि देशाची सुरक्षा यावर बोलतो. आजचा विषय शेळ्या-मेंढ्यांचा आहे. माजी फौजी माणूस शेळ्यांवर का बोलतोय, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. डोंगरी सीमेवर फौज आणि मेंढपाळ हे जुने शेजारी आहेत. 1965 च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोर शिरल्याची खबर देणारा मोहम्मद दीन हा गुज्जर समाजातला तरुण गुराखी होता. 1999 च्या मे महिन्यात बटालिकच्या डोंगरात घुसखोर पहिल्यांदा पाहिले ते गारकोनच्या ताशी नामग्याल यांनी. हरवलेला याक शोधायला ते वर गेले होते. म्हणजे चराईवर फिरणारी माणसं देशाच्या उपयोगी पडलेली आहेत. त्यांच्या पोटापाण्याचा हिशेब आपण नीट मांडतो का, एवढाच आजचा प्रश्न.

आधी आकडे पाहू. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 14.89 कोटी शेळ्या आणि 7.43 कोटी मेंढ्या आहेत. 2012 च्या तुलनेत शेळ्या सुमारे 10 टक्क्यांनी आणि मेंढ्या 14 टक्क्यांनी वाढल्या. शेळ्यांमध्ये राजस्थान पहिला, 2 कोटींच्या वर. महाराष्ट्रात त्या एक कोटीहून थोड्या जास्त आहेत. ही जनावरं बहुतेक करून लहान माणसाच्या दारात असतात. कुणाकडे चार, कुणाकडे दहा, फिरत्या मेंढपाळाकडे शंभर-दोनशे. घरात आजारपण आलं, मुलांची फी भरायची वेळ आली की एक बोकड विकला जातो. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. माझ्या मते ती गरिबाची बचत आहे, आणि बहुतेक घरांत ती बचत बाईमाणसाच्या हातात असते.

हिशेब कुठे चुकतो

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या भागात थोडे वेगळे असतील. एका घरात 20 शेळ्या आहेत. समजा वर्षाला त्यांना 30 करडं झाली. रोगराई, थंडी, अपुरं दूध यामुळे त्यातली 9 दगावली, तर 21 हाती राहतात. नीट काळजी घेतली आणि फक्त 3 दगावली, तर 27 राहतात. फरक 6 करडांचा. वाढवून विकताना एकाचे 6,000 रुपये धरले तर 36,000 रुपये, म्हणजे महिन्याला 3,000. एकही नवी शेळी विकत न घेता एवढी मिळकत वाढली.

हा फरक कशाने पडतो? करडू जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजणं, नाळेला टिंक्चर आयोडीन लावणं, थंडीत कोरडी जागा, पावसाळ्याआधी आणि नंतर जंतनाशक, आणि वेळेवर लस. यातलं काहीही महाग नाही.

आता सरकारी योजनांकडे पाहा. वर्षाच्या शेवटी अहवालात काय येतं? किती गट वाटले, किती लाभार्थी झाले, किती अनुदान खर्च झालं. वाटलेल्या जनावरांपैकी वर्षभराने किती जिवंत आहेत, हा रकाना तिथे नसतो. फौजेत एखाद्या पलटणीची ताकद विचारली, तर किती जवान भरती केले हे कोणी सांगत नाही. आज किती जण उभे आहेत ते सांगावं लागतं. शेळी-मेंढीच्या धोरणात नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून गेला आहे.

तेलंगणाचा धडा

हैदराबादकडच्या श्रोत्यांना हे माहीत असेल. तेलंगणा सरकारने 2017 मध्ये मेंढपाळ समाजातल्या कुटुंबांसाठी मोठी योजना आणली. 20 मेंढ्या आणि 1 मेंढानर असा गट, किंमत 1.25 लाख रुपये, त्यातले 75 टक्के सरकारचे. मेंढ्या शेजारच्या राज्यांतून विकत आणल्या गेल्या. हेतू चांगला होता, आणि अनेक घरांना त्यातून आधारही मिळाला. 2019 च्या पशुगणनेत तेलंगणाच्या मेंढ्या 2012 च्या तुलनेत जवळजवळ निम्म्याने वाढून 1.91 कोटी झाल्या आणि राज्य देशात पहिलं आलं.

पण पुढे महालेखापरीक्षकांनी या योजनेच्या नोंदींवर, विशेषतः लाभार्थी आणि मेंढ्यांची वाहतूक यांच्या कागदपत्रांवर, गंभीर आक्षेप घेतले. त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली: जनावर विकत घेऊन देणं हा ज्या योजनेचा मुख्य भाग असतो, तिथे खरेदी, वाहतूक आणि किंमत या तीन जागी गळती होते. दुसरी: एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मेंढीमुळे देशाची मेंढी वाढत नाही. शिवाय नवं पाणी, नवा चारा, नवी हवा तिला सोसावी लागते आणि सोबत रोगही प्रवास करतो.

मोठ्यांसाठी दार मोठं

केंद्राचं राष्ट्रीय पशुधन अभियान 2021 मध्ये नव्या स्वरूपात आलं. शेळी-मेंढी प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या 50 टक्के अनुदान आहे. सुरुवातीला अट 500 माद्या आणि 25 नर अशी होती, अनुदानाची मर्यादा 50 लाख. नंतर लहान टप्पे आले; त्यातला सर्वांत लहान 100 माद्या आणि 5 नर, अनुदान 10 लाखांपर्यंत. ही सुधारणा चांगलीच आहे. पण दहा शेळ्यांची बाई त्या दारातून आत कशी जाणार? जागा दाखवा, प्रकल्प अहवाल आणा, बँकेचं कर्ज किंवा स्वतःचं भांडवल उभं करा. हे तिच्या आवाक्यातलं नाही.

महाराष्ट्राने 2017 मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आणली. तिथे गट 20 मेंढ्या आणि 1 नर असा आहे आणि धनगर समाजातल्या मेंढपाळांना 75 टक्के अनुदान आहे. गटाचा आकार इथे माणसाच्या मापाचा आहे. याच योजनेत पावसाळ्याच्या महिन्यांसाठी चराई अनुदानाचाही विचार झाला, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. आहे तो कळप टिकवायला मदत करणं हे नवा कळप देण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

लस आहे, वेळ जुळत नाही

शेळ्या-मेंढ्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पीपीआर, शेळ्यांचा प्लेग. ताप, नाक-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि काही दिवसांत निम्मा वाडा रिकामा. भारतात हा रोग 1987 मध्ये तामिळनाडूत प्रथम नोंदला गेला. यावर आपल्याच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने तयार केलेली उत्तम लस आहे. एका मात्रेने सुमारे तीन वर्षं संरक्षण मिळतं. 2030 पर्यंत हा रोग जगातून घालवायचं आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. ते अशक्य नाही. याच कुळातल्या विषाणूमुळे होणारी गुरांची बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं.

मग अडचण कुठे आहे? ती रसदीची आहे. ही लस थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की थोड्या वेळात वापरावी लागते. दवाखाना उघडतो सकाळी नऊ-दहाला. तोवर कळप रानात गेलेला असतो आणि परततो तो सूर्य मावळताना. शिवाय दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातले अनेक वाडे कोकणात उतरतात. हिमाचलचे गद्दी आणि जम्मूचे बकरवाल उन्हाळ्यात वरच्या कुरणांकडे जातात, राजस्थानचे राइका शेजारच्या राज्यांत जातात. लसीकरणाचा तक्ता गावाच्या यादीवर चालतो, आणि कळप मात्र त्या दिवशी तीन तालुके पलीकडे असतो.

यावर उपाय अवघड नाही. वाटा ठरलेल्या आहेत, महिने ठरलेले आहेत. त्या वाटांवरच्या मुक्कामी, पहाटे, कळप सुटण्याआधी लस टोचायची. कोणत्या महिन्यात कोणता घाट हे मेंढपाळांना विचारलं तर ते सांगतील. 1962 या क्रमांकावर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मिळतो, ही चांगली सोय आहे. पण अशी एक गाडी साधारण एक लाख जनावरांमागे धरलेली आहे, त्यामुळे प्रत्येक वाड्यावर ती वेळेत पोचणार नाही. म्हणून बिहार, झारखंडसारख्या राज्यांत बचत गटांतल्या बायकांना शिकवून ज्या पशुसखी तयार केल्या, तो मार्ग पुढे न्यायला हवा. गावातलीच बाई पहाटे शेजारच्या वाड्यात जाऊ शकते, गाडी जाऊ शकत नाही.

चारा कुठे आहे

शेळ्या जंगल खातात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. एकाच टेकडीवर बारा महिने जास्त जनावरं चरली तर झाडोरा उठतो, हे खरंच आहे. म्हणूनच आपले मेंढपाळ पूर्वीपासून फिरत आले. कळप पुढे गेला की मागचं रान सावरतं. शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत मिळतं, शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. अडचण अशी झाली की फिरायच्या जागा आवळत गेल्या. गायरानांवर अतिक्रमणं झाली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना करायला सर्व राज्यांना सांगितलं. 2006 च्या वनहक्क कायद्यातही फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईच्या हक्काला मान्यता आहे. कायदा कागदावर आहे. तो मेंढपाळापर्यंत पोचवायचं काम ग्रामसभा आणि वनखात्याचं आहे.

ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे त्यांनी बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावली आणि अर्धबंदिस्त पद्धत धरली, तर रानावरचा भार कमी होतो. कळप चाऱ्याइतकाच वाढवावा. कोणत्याही योजनेने शेळी देण्याआधी चाऱ्याची सोय तपासावी.

विमा आणि वजनकाटा

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने पशुविम्यात बदल केला. पशुपालकाने हप्त्याचा फक्त 15 टक्के वाटा भरायचा, आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी विम्याची मर्यादाही वाढवून 100 जनावरांपर्यंत नेली. पण मेंढी घरापासून दोनशे किलोमीटरवर, परराज्यात दगावली तर पंचनामा कोण करणार? जिथे मेली तिथल्या पशुवैद्यकाचा दाखला कोणत्याही राज्यात चालला पाहिजे. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक देशभर एकच असतो, मग दाखलाही तसाच असायला काय हरकत आहे?

विक्रीचंही तेच. आपल्याकडे बोकड अजून नजरेने ठरतो. व्यापारी रोज शंभर जनावरं पाहतो, विकणारी बाई वर्षातून चार विकते. नजरेच्या खेळात ती हरणारच. प्रत्येक आठवडी बाजारात एक वजनकाटा आणि फळ्यावर किलोचा भाव, एवढ्यावर बरंच काही बदलेल.

धोरणाकडून मागणं काय

थोडक्यात सांगतो. पहिलं, योजनेचं यश वाटलेल्या जनावरांवर न मोजता वर्षभराने जगलेल्या जनावरांवर आणि करडांवर मोजा. दुसरं, लस वाटेवर आणि पहाटे द्या. तिसरं, दहा-वीस शेळ्यांच्या घरासाठी अभियानात वेगळी, कमी कागदांची खिडकी उघडा. चौथं, गायरान आणि चराईचे हक्क नोंदवून द्या. पाचवं, बाजारात काटा लावा.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. भाषणं होतील, ती होऊ द्यावीत. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला किंवा जालन्याला, तुमच्या गावी शेळ्या असतील तर दोन कामं करा. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पीपीआरची लस शेवटची कधी दिली ते विचारा. आणि ग्रामसभेत गायरानाचा गट नंबर आणि क्षेत्र वाचून दाखवायला सांगा. ही दोन उत्तरं मिळाली की तुमच्या गावातल्या कळपाचं पुढचं वर्ष कसं जाईल ते बरंचसं कळेल.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद, जय महाराष्ट्र.