खाऱ्या वाऱ्यातली जुनी पिकअप

घरातली चाळीस-पन्नास वर्षांची पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की आधी एक गोष्ट निश्चित करावी लागते: गाडी रोज चालवायची, की वर्षातून चार वेळा मिरवायला काढायची. मिरवायच्या गाडीला मूळ रंगाची छटा, मूळ दिवे, मूळ बटणे यांची काळजी. रोजच्या गाडीला ब्रेक, वायरिंग आणि पत्र्याच्या आतली बाजू यांची. बुरोंडीत तर हा फरक फारच ठळक होतो. दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवरचे हे मासेमारीचे गाव. समुद्र हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तालुक्याच्या गावी जायचे तर सुमारे आठशे फुटांचा चढ. इथे टिकेल अशी गाडी बांधणे हे शहरातल्या गॅरेजात चकचकीत गाडी तयार करण्यापेक्षा अवघड काम आहे.

महाराष्ट्रातल्या जुन्या पिकअप बहुतेक तीन घराण्यांतल्या. सर्वांत जुने महिंद्रचे. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने सुरू झालेल्या कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. विलीजने १९५३ मध्ये आणलेले सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल पुढे भारतात वर्षानुवर्षे बनत राहिले. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, इथे मात्र त्याच सांगाड्याच्या गाड्या त्यानंतर कितीतरी वर्षे कारखान्यातून बाहेर पडत होत्या. १९६५ मध्ये एफसी-१५० ही केबिन अगदी पुढे असलेली छोटी मालवाहू गाडी आली. दुसरे घराणे बजाज टेम्पोचे. १९५८ मध्ये जर्मनीच्या विडाल अँड सोन कंपनीच्या सहकार्याने ते सुरू झाले. आधी तीनचाकी हॅन्सिट आणि मग मॅटाडोर ही त्याची ओळख. तिसरे टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे. १९८८ ची टाटामोबाईल २०६ आणि तिच्या मागोमाग आलेली २०७ अजूनही गावोगावी दिसतात. पुढचे विवेचन मुख्यतः जीप-पिकअपला धरून आहे, कारण कुटुंबांनी जपून ठेवलेल्या गाड्यांत तिचीच संख्या मोठी, आणि सुटे भागही तिचेच सर्वांत सहज मिळतात.

कोकणात गाडीचा खरा शत्रू गंज. किनाऱ्यावर तो इतका वेगाने का धरतो, हे समजून घेतले तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. लाटा फुटताना उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर येऊन पत्र्यावर बसतात. पाणी उडून जाते, मीठ राहते. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच ओले होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि ते ३०-३५ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागतात. म्हणजे गाडी छपराखाली असो, पाऊस नसो, पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ बारमाही असतो. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू हवेत. मिठामुळे त्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजण्याची क्रिया त्याच विजेवर चालते. मिठातले क्लोराइड धातूवरचा संरक्षक थरही भेदते. म्हणून घाटावर वीस वर्षे टिकलेला पत्रा बंदरावर पाच-सात वर्षांत चाळणी होऊ शकतो.

त्यामुळे काम सुरू होते ते तपासणीने, आणि तपासणीचे मुख्य हत्यार म्हणजे छोटी हातोडी. गाडी घोड्यांवर चढवून चॅसीवर टप्प्याटप्प्याने ठोकत जायचे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द. स्प्रिंगचे पाटे जिथे चॅसीला टांगलेले असतात ते ब्रॅकेट, मागचा आडवा दांडा, हौद्याचे बोल्ट बसतात त्या जागा आणि चॅनेल दुहेरी पत्र्याने बंद केलेले असते तो भाग, इथे विशेष लक्ष द्यावे लागते. बंद चॅनेलात जांभ्याची लाल माती शिरते, पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. बाहेरचा रंग तेव्हाही शाबूत दिसतो. टोच्याने दाबल्यावर लोखंड खपलीसारखे सुटले, तर तो भाग कापावाच लागतो. सडक्या पत्र्यावर नवा तुकडा चढवून वेल्डिंग करणे ही सर्रास चालणारी आणि धोकादायक पद्धत आहे: दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत मीठ आणि पाणी अडकते आणि जोड एका-दोन पावसाळ्यांत उखडतो. निरोगी लोखंड लागेपर्यंत कापत जाऊन त्याच जाडीचा तुकडा टोकाला टोक लावून जोडायचा, आणि त्याआधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवायची, हीच रीत.

गंज काढायला सँडब्लास्टिंग उत्तम. पण वाळू समुद्रावरची नको. तिच्यातले मीठ थेट उघड्या लोखंडात ठोकले जाते. ब्लास्टिंग झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, काही तासांत प्रायमर मारावा लागतो, कारण दमट हवेत उघडे लोखंड रातोरात तांबूस होते. याच कारणासाठी चॅसी आणि रंगाचे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत उरकावे. कोपऱ्यांत फॉस्फोरिक आम्लाचा गंजरोधक लावून उरलेला गंज निष्क्रिय करता येतो. त्यावर जस्ताचा किंवा इपॉक्सी प्रायमर, मग रंग. चॅसीच्या पोकळीत मेणासारखा पातळ थर फवारावा. वाटेल तिथे डांबर फासण्याची सवय मात्र सोडायला हवी. डांबराचा थर वर्षभरात तडकतो, तड्यांतून पाणी आत जाते आणि बाहेर येत नाही. जुने इंजिन ऑइल फवारण्याची पद्धतही वाईट: ते टपकून जमिनीत आणि विहिरीत जाते आणि रबरी बुश फुगवते.

हौदा हा या गाडीचा सर्वांत कष्टलेला भाग. जुन्या मालवाहू गाड्या पुष्कळदा नुसती चॅसी आणि पुढचा भाग अशा घेतल्या जात आणि हौदा स्थानिक बॉडी बिल्डर बांधी. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे हौदे वेगवेगळे असतात. इथे ‘मूळ’ हौदा शोधत बसण्यापेक्षा जो होता तोच नीट बांधणे शहाणपणाचे. बुरोंडीहून मासळी हर्णैच्या लिलावाला किंवा दापोलीच्या बाजारात जाते. क्रेटमधला बर्फ वितळतो, ते खारे पाणी फळ्यांच्या फटींतून थेट चॅसीवर गळते. म्हणून तळाला ऐन किंवा किंजळीच्या फळ्या, त्यांच्या खाली पाणी एका बाजूला नेणारा गॅल्व्हनाइज्ड पत्रा, आणि त्याचे तोंड चॅसीच्या बाहेर काढलेले, अशी रचना टिकते. फळ्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावावे. किनाऱ्यावर होड्यांच्या लाकडाला ते पूर्वापार लावले जाते. तेल दाहक असते, हातमोजे घालूनच हाताळावे. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या दर पावसाळ्यापूर्वी ग्रीसमध्ये बुडवून काढल्या, तर आंब्याच्या पेट्या भरताना फाळका अडकत नाही. मासळी वाहून झाल्यावर त्याच हौद्यात आंबा घालायचा, तर मधे धुणे आणि वाळवणे टाळून चालत नाही. आंब्याला वास लागतो.

ब्रेक हा दुसरा प्रश्न, आणि इथे मूळपणाचा हट्ट धरू नये, असे स्पष्टच सांगायला हवे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि एकाच मास्टर सिलिंडरमधून सगळीकडे तेल जाते. एक नळी गंजून फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळे तेल देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे हा या गाडीवर करता येण्याजोगा सर्वांत मोलाचा बदल आहे. लोखंडी नळ्यांऐवजी तांबे-निकेलच्या नळ्या घातल्या तर खाऱ्या हवेत त्या गंजत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून किनाऱ्यावर ते दरवर्षी बदलावे. आणखी एक बाब नव्या पिढीला माहीत नसते: सीजे-३बी चा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. गाडी चालती असताना तो ओढला तर सगळा झटका शाफ्टच्या जॉइंटवर येतो. दापोलीहून उतरताना ज्या गिअरमध्ये चढता येते त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम ड्रम ब्रेकच्या गाडीला आजही तंतोतंत लागू आहे. पहिला गिअर सिंक्रोनाइज्ड नसतो. तो चालत्या गाडीत टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, वेग जुळवून टाकावा लागतो.

इंजिनाची चिंता त्यामानाने कमी. पेट्रोलवर चालणारे मूळ हरिकेन इंजिन २१९९ सीसीचे, चार सिलिंडरचे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. पुढे अनेक गाड्यांत डिझेल इंजिने आली. त्यांतले प्यूजोचे २११२ सीसीचे एक्सडीपी इंजिन मिस्त्री लोकांच्या चांगल्या ओळखीचे. रिबोअर, क्रँक ग्राइंडिंग, लायनर ही कामे खेड-चिपळूणकडे होतात. अवघड लेथकामासाठी किंवा न मिळणारा एखादा भाग ओतून घेण्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगराची वाट धरावी लागते. सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी, आणि जीपच्या बॉडीसाठी मंडी डबवाली ही नावे या छंदातल्या सर्वांच्या तोंडी असतात. टायर मात्र नीट पाहून घ्यावेत. ६.००-१६ हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचेही आहे आणि ते टायर स्वस्त पडतात, पण ते हमरस्त्यावरच्या वेगासाठी बनवलेले नसतात.

पेट्रोल गाडीपुढे आता एक नवीन अडचण आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची सीलं त्याने फुगतात, ठिसूळ होतात. टाकीतला जुना चिकट थर सुटून जेटमध्ये अडकतो. इथेनॉल पाणी शोषत असल्याने गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणीमिश्रित थर साचतो. म्हणून टाकी आतून साफ करून घेणे, नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालणे आणि जेट किंचित मोठा करणे ही कामे इंजिन बांधतानाच उरकावीत. विजेच्या बाजूने डायनमोऐवजी अल्टरनेटर बसवणे योग्य ठरते: पावसाच्या रात्री दिवे आणि वायपर दोन्ही चालू असताना मंद गतीत डायनमो पुरा पडत नाही. प्रत्येक दिव्याला चॅसीवर गंजणाऱ्या स्क्रूऐवजी अर्थची स्वतंत्र तार द्यावी. किनाऱ्यावर लुकलुकणाऱ्या दिव्यांचे कारण बहुतेक वेळा तेच असते.

रोज चालणारी गाडी उभ्या गाडीपेक्षा चांगली राहते. इंजिन तापते, तेल फिरते, ब्रेकचे पिस्टन अडकत नाहीत. फक्त रोजच्या वापराला रोजची निगा लागते. किनाऱ्यावरून किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून परत आल्यावर चाकांच्या कमानी आणि चॅसी गोड्या पाण्याने धुवावी. महिन्यातून एकदा सगळ्या निपलांत नवे ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस भरावे, म्हणजे आत शिरलेले खारे पाणी बाहेर ढकलले जाते. हौद्याची पाणी जाण्याची भोके काडीने मोकळी ठेवावीत. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पिकअपलाही तेव्हा काम नसते. तो काळ गाडीला सर्वांत घातक. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आतला दमटपणा कोंडतो. त्यापेक्षा हवा खेळती राहील अशा शेडमध्ये, हँडब्रेक न लावता चाकाला ओंडका देऊन गाडी उभी करावी आणि आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर फिरवून आणावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवणे उपयोगाचे नाही. इंजिन पूर्ण तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचते.

कागदपत्रांच्या बाबतीत एक मोठा गैरसमज दूर व्हायला हवा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्यात बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण असे वाहन नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते बाहेर काढता येते. मासळी आणि आंबा वाहणाऱ्या घरच्या पिकअपला ही नोंदणी घेऊन चालणार नाही. तिने साध्या नोंदणीवरच राहावे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. मालवाहू म्हणून नोंदलेल्या जुन्या गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावा लागतो. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर घातलेल्या बंदीसारखी वयोमर्यादा रत्नागिरी जिल्ह्यात नाही. इथे गाडी तपासणीत टिकते की नाही, यावर तिचे रस्त्यावर राहणे ठरते.

इंजिन बदलायचे असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी आरटीओची परवानगी घेऊन नवा क्रमांक नोंदणी पुस्तकात चढवावा. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेतल्या बदलांना बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बंधन कडक असल्याचे स्पष्ट केले. चॅसी क्रमांकाची पट्टी गंजून गेली असेल, तर वेल्डिंगच्या आधी तिचे छायाचित्र आणि पेन्सिलचा ठसा काढून ठेवावा. रंगकामात तो क्रमांक बुजला, तर तपासणीच्या दिवशी गाडी परत पाठवली जाते. उच्च सुरक्षा नंबरप्लेट, पीयूसी आणि तृतीय पक्ष विमा जुन्या गाडीलाही बंधनकारक आहेत. पीयूसीसाठी जुन्या डिझेल गाडीचा धूर ६५ हार्ट्रिज एककांच्या आत हवा. पंप आणि नोजल कॅलिब्रेट केलेले असले आणि एअर क्लीनरमध्ये जांभ्याची धूळ साचू दिली नसली, तर प्यूजोचे जुने इंजिन या मर्यादेत बसते.