पाणी दिलेली काच

अमरावतीहून अकोल्याकडे निघाले, की बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू ही गावे मागे टाकत सुमारे शंभर किलोमीटरची वाट आहे. याच महामार्गावर २०२२ च्या जून महिन्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून विश्वविक्रम करण्यात आला. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला. त्या गाड्यांत छपराला काच असलेल्या गाड्याही आता पुष्कळ दिसतात. छपराच्या या खिडकीला सनरूफ म्हणतात.

समजा, अशा एका गाडीत तुम्ही बसला आहात. मे महिना आहे. वऱ्हाडातले ऊन, गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. एकाएकी डोक्यावर बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होतो आणि खडीसाखरेच्या खड्यांसारखे काचेचे तुकडे अंगावर पडतात! आजी म्हणते, "उन्हानं तडकली." वडील म्हणतात, "पुढच्या ट्रकमधली गिट्टी उडाली असेल." यातले खरे काय? काच एका जागी न तडकता सगळीच्या सगळी चुरा का झाली? आणि मुख्य म्हणजे, आता करायचे काय? चला, एकेका प्रश्नाचा उलगडा करू या.

धाव आणि चाक

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात, हे तुमच्या आजोबांना विचारा. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. ती तापवली की प्रसरण पावते आणि चाकावर बसते. मग तिच्यावर पाणी ओतले की ती आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. आता धाव ताणलेली असते आणि लाकूड दाबलेले असते. चाकाच्या मजबुतीचे रहस्य या दोन बळांच्या ओढाताणीत आहे.

सनरूफची काच नेमकी अशीच बनवतात. आधी ती हव्या त्या आकाराची कापतात, तिच्या कडा घासतात, आणि मग भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. बाहेर काढताच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर ताबडतोब थंड होऊन कडक होतो. आतला भाग मात्र अजून गरम असतो. तो नंतर सावकाश थंड होतो आणि आकसू पाहतो, पण बाहेरचा कडक थर त्याला तसे करू देत नाही. परिणामी पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. गाभा म्हणजे धाव आणि पृष्ठभाग म्हणजे चाक, असे समजा. लोहार विळ्याला पाणी देतो, तसे हे काचेला हवेने पाणी देणेच झाले. इंग्रजीत हिला 'टफन्ड' काच म्हणतात.

याचा फायदा काय? काच दाबाने सहसा फुटत नाही, ताणाने फुटते. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे असतात. काच वाकली की हे ओरखडे उघडू पाहतात आणि तडा जातो. पाणी दिलेल्या काचेच्या पृष्ठभागावर मात्र दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक दाब आधीच असतो. तो दाब ओरखड्यांची तोंडे मिटून धरतो. म्हणून ही काच साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट मजबूत असते.

पण एक मेख आहे. हा दाबाचा थर प्रत्येक बाजूला काचेच्या जाडीच्या एक पंचमांशाएवढाच असतो. काच ४ मिलिमीटर जाड असेल तर हा थर अवघा ०.८ मिलिमीटर झाला. एखादी भेग हा थर ओलांडून गाभ्यात शिरली, की तेथे साठलेली ऊर्जा मोकळी होते. तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो आणि वाटेत त्याला फाटे फुटत जातात. एक मीटर लांबीची काच सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत खलास!

राजपुत्राचे थेंब

हा चमत्कार माणसाला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला, की बेडकाच्या पिल्लासारखा, डोके आणि शेपूट असलेला मणी तयार होतो. १६६० च्या सुमारास राजपुत्र रूपर्ट याने असे मणी इंग्लंडात नेले आणि ते रॉयल सोसायटीच्या शास्त्रज्ञांपुढे आले. मण्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही. पण शेपूट मोडली, की सबंध मण्याचे पीठ होते! अलीकडच्या मापनांत या मण्यांच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला सात हजार किलोग्रॅमपर्यंत दाब आढळला आहे. (हा प्रयोग घरी मुळीच करायचा नाही बरे!)

१८७४ साली द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थाने तापलेली काच गरम तेलात बुडवून कणखर करण्याची रीत शोधली. पुढे तेलाच्या जागी हवेचे झोत आले.

आता तुम्ही विचाराल, की जी काच एकदम चुरा होते ती डोक्यावर बसवायचीच कशाला? साध्या काचेचे फुटल्यावर सुऱ्यासारखे लांब, धारदार तुकडे होतात आणि ते मान कापू शकतात. या काचेचे तुकडे बारीक आणि बोथट असतात. गाड्यांच्या अशा काचेची चाचणी घेताना ती मुद्दाम फोडतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमाप्रमाणे ५ सेंटिमीटर बाजूच्या चौरसात निदान ४० तुकडे व्हावे लागतात. फुटणे टाळता येत नसेल तर फुटावे कसे, हे आधीच ठरवून ठेवायचे, असा हा विचार आहे.

मग काच फुटली कशाने?

प्रथम आजीचे म्हणणे तपासू. जुन्या काळी ओगलेवाडीच्या कारखान्याचे 'प्रभाकर' कंदील घरोघरी असत. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला, की ती तडकायची. साध्या काचेच्या दोन भागांत सुमारे ४० अंशांचा फरक पडला तरी धोका असतो. पाणी दिलेली काच मात्र सुमारे २०० अंशांचा फरक सोसते. अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले आणि उन्हात उभ्या गाडीची काच ७० अंशांवर पोचली, तरी नुसत्या उन्हाने धडधाकट काच फुटणार नाही.

चौकटीचे काय? काचेचा प्रसरण गुणांक दर अंशाला दहा लाखांत ९, तर पोलादाचा १२. हिवाळी पहाटेच्या १५ अंशांपासून दुपारच्या ६५ अंशांपर्यंत गेले, तर एक मीटर काच ०.४५ मिलिमीटर वाढेल आणि तेवढेच पोलाद ०.६० मिलिमीटर. फरक ०.१५ मिलिमीटरचा. मधले रबर तो सहज पोटात घालते. पण काचेच्या कडेला आधीच टवका उडालेला असेल किंवा चौकट पिळवटलेली असेल, तर हाच फरक शेवटचा घाव घालू शकतो. कडा हे या काचेचे मर्मस्थान आहे.

आता वडिलांची गिट्टी. सनरूफ जवळजवळ आडवे असते, त्यामुळे समोरून येणारा खडा त्यावर बहुधा घसरता आदळतो. समोरच्या काचेला धोका जास्त असतो. पण टोकदार खड्याने खोल टवका उडाला, तर काच त्याच क्षणी न फुटता काही वेळाने, एखाद्या खड्ड्याच्या धक्क्यानेही फुटू शकते.

खरा शत्रू वरून येतो, तो म्हणजे गारा! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने पिकांची धूळधाण केली होती. गारेचा व्यास दुप्पट झाला, तर तिचे वस्तुमान आठपट होते आणि पडण्याच्या वेगाचा वर्ग दुप्पट होतो. म्हणजे ऊर्जा सोळापट! ४ सेंटिमीटर व्यासाची, सुमारे ३० ग्रॅमची गार ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगाने येते. तिची ऊर्जा सुमारे १० ज्यूल. म्हणजे एक किलोचे वजन एक मीटर उंचीवरून टाकल्याइतकी.

चौथा आरोपी काचेच्या पोटात लपलेला असतो. काच बनवताना क्वचित निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण तिच्यात राहून जातो. ३७९ अंशांच्या वर हा पदार्थ एका रूपात असतो, खाली दुसऱ्या रूपात. झोताने काच झटकन थंड होते, तेव्हा कणाला रूप बदलायला सवड मिळत नाही. मग तो महिनोन्महिने सावकाश बदलतो आणि फुगतो. तो गाभ्यात असेल, तर एके दिवशी कोणीही हात न लावता काच फुटते. मेलबर्नच्या एका उंच इमारतीच्या काचा अशा फुटू लागल्या, तेव्हा बॅलंटाइन यांनी १९६१ साली हे कारण दाखवून दिले. उबेने हा बदल लवकर होतो. तेव्हा आजीचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही!

काचेच्या कडेचा काळा मुलामा हाही संशयित आहे. या मुलाम्याने काच तेथे कमकुवत होते, असे दक्षिण कोरियातील तपासणीत आढळल्यावर २०१३ साली हा विषय संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाहन-नियमांच्या सभेत गेला.

फुटल्यावर काय करावे?

१. चालकाने करकचून ब्रेक लावू नये. इशाऱ्याचे दिवे लावून गाडी हळूहळू कडेला घ्यावी. मुलांनी डोळे चोळू नयेत. अंगावरचे तुकडे हाताने न पुसता उभे राहून झटकावेत.

२. छपराचा आतला सरकपडदा उघडा असेल आणि अलगद सरकत असेल, तर तो लावून घ्यावा. सनरूफचे बटण मात्र दाबू नये. तुकडे रुळांत अडकून मोटार बिघडते.

३. फोटो काढावेत. तुकडे जागेवर असतील, तर सगळे तडे जेथून निघाले तो बिंदू शोधावा. कारणाचा पत्ता तेथेच असतो.

४. हातमोजे घालून सुटे तुकडे काढावेत, आणि जाड प्लॅस्टिक बाहेरून चिकटपट्टीने लावावे. तापलेल्या पत्र्यावर चिकटपट्टी फार वेळ ठेवली, तर काढताना रंग निघू शकतो.

५. वेग कमी ठेवावा. हवेचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरला अर्ध्या चौरस मीटरहून लहान प्लॅस्टिकवर दहा किलो वजनाएवढी ओढ येऊ शकते. वेग ४० केला, की ती चौथ्या हिश्शावर येते.

दुरुस्ती म्हणजे काय?

गावातला काचवाला खिडकीची काच कापून देतो. मग सनरूफची का नाही? उत्तर तुम्हीच द्या! पाणी दिल्यानंतर या काचेवर हिरकणी चालवली, की तिचा चुराच होणार. कापणे, घासणे, भोके पाडणे सगळे आधीच करावे लागते. म्हणून त्याच गाडीसाठी बनलेली सबंध काच मागवावी लागते.

समोरच्या काचेची गोष्ट वेगळी. ती दोन काचांमध्ये चिवट थर घालून केलेली असते. १९०३ साली बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत वाळलेल्या द्रावणाचा पापुद्रा होता. त्यावरून ही युक्ती सुचली, असे सांगतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे समोरची काच अशीच असावी लागते. तिच्यावरचा लहान टवका राळ भरून बुजवता येतो. काही कारखानदार छपरालाही अशी काच बसवतात.

काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला कळवावे. नुसता त्रयस्थ विमा असेल, तर काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विम्यात काचेला घसारा लावत नाहीत. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांना मात्र ५० टक्के लावतात.

मेकॅनिकच्या कामावर तुम्हीही लक्ष ठेवू शकता. पहिली गोष्ट, रूळ आणि त्यांतले वंगण पूर्ण साफ झाले का? दुसरी, नवी काच छपराशी समतल बसली का? ती वर-खाली राहिली तर वारा शिट्टी घालतो. तिसरी, मोटारीला काचेच्या उघड्या-मिटल्या जागा पुन्हा 'शिकवल्या' का? मध्ये बोट आले तर काच थांबून मागे सरकण्याची सोय त्यावरच अवलंबून असते.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सनरूफ पूर्ण जलरोधक नसते. झिरपलेले पाणी भोवतालच्या पन्हळीत जमते आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांवाटे गाडीखाली जाते. काचेचा एखादा खडा नळीत अडकला, तर मृगाच्या पहिल्या पावसात पाणी थेट आसनांवर! म्हणून काच उघडून प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओतावे, आणि ते खाली जमिनीवर ठिबकते का ते पाहावे.

तुम्ही करून पाहा

काचेतला ताण डोळ्यांनी पाहायचा आहे? ध्रुवीभूत प्रकाशाचा, म्हणजे 'पोलरॉइड' जातीचा चष्मा मिळवा. सकाळी किंवा संध्याकाळी उभ्या गाडीची मागची काच त्यातून तिरकस पाहा आणि मान थोडी कलती करा. काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटेल. जेथे हवेचे झोत लागले, त्या जागा त्या! ताणामुळे प्रकाशावर असा परिणाम होतो, हे ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधले.

फुटलेल्या काचेचे तुकडे मिळाले, तर मोठ्यांच्या देखत चिमट्याने उचलून त्यांची कड भिंगातून पाहा. आणि एक गोष्ट कधीच करू नका: चालत्या गाडीच्या छपरातून डोके बाहेर काढून उभे राहणे. पाणी दिलेली काच स्वतः चुरा होऊन तुमची मान वाचवते; बाहेर काढलेल्या मानेला तसे वाचवणारे काहीच नसते.