एका कुळाची अनेक आडनावे : पोलिश पूर्वजांचा शोध

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांना, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजारी सत्तांनी पोलंडचे लचके तोडून तो देश युरोपच्या नकाशावरून नाहीसा केला. आणि तेव्हापासून १९१८ पर्यंत एकाच कुळातील माणसे तीन निरनिराळ्या अमलांखाली जन्मली, विवाहबद्ध झाली आणि मृत्यू पावली. अंमल बदलला की दप्तराची भाषा बदलते, आणि दप्तराची भाषा बदलली की आडनावाचे अक्षरही बदलते. ही गोष्ट ध्यानात न घेता जो पोलिश पूर्वजांच्या शोधास निघतो, तो पहिल्या दोन-तीन वह्यांतच अडखळतो.

वॉर्साच्या आसमंतात १८०८ साली नेपोलियनची दिवाणी संहिता लागू झाली आणि जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी पोलिश भाषेत, सलग परिच्छेदांत लिहिण्याचा प्रघात पडला. १८६८ पासून रशियन सरकारच्या हुकमाने याच नोंदी रशियन भाषेत उतरू लागल्या. दक्षिणेकडील गॅलिशियात ऑस्ट्रियाच्या राजवटीत १७८४ नंतर रकाने पाडलेल्या लॅटिन वह्या आल्या. प्रशियाच्या मुलखात जर्मनचा वरचष्मा राहिला आणि १८७४ च्या ऑक्टोबरपासून तेथे स्वतंत्र सरकारी नोंदणी-कचेऱ्या सुरू झाल्या.

आता एखादे डोंब्रोव्हस्की घराणे घ्या. पोलिश लिपीत यातील सानुनासिक स्वर शेपटीच्या ‘ए’ने दाखवतात. जर्मन कारकून कानाने ऐकून तेथे ‘ओ’ आणि ‘एम’ लिहितो, रशियन लेखनिकही आपल्या लिपीत तसेच करतो. पण अमेरिकेत ती शेपटी गळून पडते आणि उरते ते डाब्रोव्स्की. पोलिश लिपीतील आडवी रेघ मारलेला ‘एल’ हा ‘व’सारखा उच्चारला जातो, म्हणूनच कामगारनेते लेख यांचे आडनाव मायदेशी व्हावेन्सा आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत वालेसा झाले. रशियन लिपीत ‘ह’ नाही, त्याच्या जागी ‘ग’ येतो. तेव्हा होरोडिन्स्की रशियन वहीत गोरोडिन्स्की म्हणून भेटतो आणि पुढे कोणी ती नोंद रोमन लिपीत उतरवली की तो ‘ग’ कायम होतो. ही रूपांतरे स्वैर नसतात, हे मला आवर्जून सांगावयाचे आहे. त्यांना ध्वनीचे आणि लिपीचे नियम आहेत, आणि ते नियम ज्ञात झाले की वहीतील अपरिचित आडनाव ओळखीचे होऊ लागते.

खुद्द पोलिश लेखनातही वैविध्य थोडके नाही. नोंद देणारा शेतकरी बहुधा निरक्षर असे. पाद्री जे ऐकेल ते लिही, आणि पोलिशमध्ये एकाच उच्चाराची दोन दोन लेखनरूपे असल्यामुळे आज एक तर उद्या दुसरे रूप वहीत चढे. त्यातच नोव्हाकची पत्नी नोव्हाकोव्हा आणि अविवाहित कन्या नोव्हाकुव्हना. कोवाल्स्कीची बहीण कोवाल्स्का. लॅटिन नोंदीतला आदालबेर्तुस हा घरात व्होय्चेख असे आणि समुद्रापार गेल्यावर पुष्कळदा आल्बर्ट होई. गॅलिशियातील ज्यू कुटुंबांची कैफियत याहून वेगळी. त्यांना १७८८ पासून कायम आडनावे घ्यावी लागली. परंतु सरकारी नोंद न झालेला धार्मिक विवाह कायद्याला मान्य नसल्यामुळे अपत्ये आईच्या आडनावाने नोंदली जात, आणि सख्खे भाऊ दोन आडनावांनी वावरत.

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही समजूत अमेरिकेत दृढमूल आहे, पण ती खरी नाही. ते अधिकारी हॅम्बुर्ग वा ब्रेमेनसारख्या बंदरांत आधीच तयार झालेली जहाजाची यादी पडताळून पाहत. आडनावे बहुतेक नंतर, शाळेत, कारखान्यात किंवा नागरिकत्वाच्या अर्जात बदलली. तेथील जनगणनेच्या सूचीसाठी वापरलेली साउंडेक्स पद्धत उच्चारावरून आडनावांना संकेतांक देते. पण ती इंग्रजी कानाने घडलेली असल्यामुळे मॉस्कोविट्झ हे एकच आडनाव ‘डब्ल्यू’ने लिहिले तर एक आणि ‘व्ही’ने लिहिले तर दुसरा संकेतांक देते. हा दोष १९८५ मध्ये रँडी डेच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी पूर्व युरोपीय उच्चार जमेस धरून दूर केला. पोलिश वंशावळी संस्थेची ‘गेनेतेका’ ही सूची स्वयंसेवकांनी परगण्यांनुसार सिद्ध केली असून ती विनामूल्य पाहता येते. तिचे मोल मला फार मोठे वाटते.

तरीही सूची म्हणजे पुरावा नव्हे. गाव हीच खरी किल्ली. कुळकर्ण्याच्या दप्तरात जसा माणूस त्याच्या जमिनीच्या तुकड्यावरून ओळखावा, तसा गॅलिशियाच्या वहीतला माणूस घरक्रमांकाच्या रकान्यावरून ओळखावा : त्याच क्रमांकाच्या घरात, त्याच आईबापांच्या पोटी जन्मलेली मुले तीन तऱ्हांच्या आडनावांनी नोंदलेली असली, तरी ती एकाच घरची ठरण्यास सबळ आधार मिळतो. वॉर्साकडील परिच्छेदांत बापाचे वय व व्यवसाय, आईचे माहेरचे आडनाव आणि साक्षीदार यांचा तपशील येतो. हा तपशील जुळत असेल तर अक्षरातील भेदाने नोंद टाकून देऊ नये, आणि तो जुळत नसेल तर आडनाव तंतोतंत सारखे असले तरी ती आपली मानू नये. एकाच नावाच्या अनेक गावांचा घोळ उलगडण्यास १८८० ते १९०२ या काळात प्रसिद्ध झालेला पंधरा खंडांचा पोलिश भौगोलिक कोश आजही उपयोगी पडतो.

या विषयाचा एक धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली, इराणमार्गे हिंदुस्थानात आलेली सुमारे पाच हजार माणसे १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत राहिली. त्यांची आडनावे आधी पोलिश, मग रशियन आणि अखेर इंग्रजी कागदांत उतरली, आणि त्यांचे वंशज आज दूरदेशी विखुरलेले आहेत. त्या छावणीशी संबंध आलेल्या एखाद्या घरात जुने पत्र, पावती किंवा छायाचित्रामागे लिहिलेले नाव असेल, तर ते सांभाळावे. आणि त्याची नक्कल करताना अक्षर चुकीचे वाटले तरी न सुधारता जसेच्या तसे उतरवून घ्यावे.