बाटलीतल्या मुळ्या आणि डासांच्या अळ्या

मावळात पाऊस स्थिरावला की घरोघरी फांद्या लावायचा हंगाम सुरू होतो. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या इंदुरीत ज्याच्याकडे अंगण आहे, तो जास्वंदीची फांदी थेट मातीत खोचतो. इमारतीत राहणाऱ्यांसाठी खिडकीतली काचेची बाटली असते. मनीप्लांट, पुदिना, तुळस यांना नुसत्या पाण्यातही मुळ्या फुटतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत पानांतून पाणी कमी उडते, त्यामुळे बिनमुळ्यांची फांदी तग धरते.

मुळ्या फुटतात त्या ऑक्झिन या संप्रेरकामुळे. कोंबाच्या टोकाकडून असे द्रव्य खाली वाहते, हे डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. फांदी कापली की हे द्रव्य छेदाजवळ साठते आणि तिथल्या पेशी मुळ्या तयार करू लागतात. पेरापाशी हे काम सोपे जाते, म्हणून फांदी पेराच्या जरा खाली कापावी आणि निदान एक पेर पाण्यात बुडवावे. पाण्यात येणारी पाने मात्र काढून टाकावीत, ती कुजतात. पुदिन्याला साधारण आठवड्याभरात, मनीप्लांटला दोन-तीन आठवड्यांत मुळ्या दिसतात. गुलाबाची जून काडी पाण्यात बहुधा सडते. तिला मातीच बरी.

फांदी सडण्याचे एक मोठे कारण म्हणजे शिळे पाणी. नव्या मुळ्यांना श्वासासाठी प्राणवायू लागतो. २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. साचलेल्या पाण्यात जिवाणू तोही संपवतात.

याच बाटलीकडे आणखी कोणाचे तरी लक्ष असते. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार लागत नाही. घरातले स्वच्छ, स्थिर पाणी त्याला पुरते. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणजे मनीप्लांटला मुळी फुटण्याआधीच बाटलीतून डास बाहेर पडू शकतो. तो दिवसा चावतो आणि सहसा घराच्या आसपासच राहतो. डेंगीच्या विषाणूवर खास औषध नाही, त्यामुळे डास होऊ न देणे हाच खरा उपाय.

नुसते वरून पाणी घालत राहणे म्हणूनच धोक्याचे. तीन-चार दिवसांनी सगळे पाणी बदलावे. आठवड्यातून एकदा बाटली आतून ब्रशने घासावी, कारण अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने टिकतात. आरोग्य विभाग सांगतो त्या ‘कोरड्या दिवसा’ला पिंप-हौदाबरोबर ही बाटलीही आठवावी. अळ्या दिसल्या तर पाणी गटारात न ओतता कोरड्या जमिनीवर ओतावे. बाटलीच्या तोंडाशी फांदीभोवती कापसाचा सैल बोळा बसवला, तर हवा आत जाते, डास जात नाही.

मुळ्या दीड-दोन इंच झाल्या की फांदी कुंडीत लावावी. पाण्यातल्या मुळ्या नाजूक असतात. पहिला आठवडाभर माती ओलसर ठेवावी, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. एडिसला तेवढे पाणीही पुरते.