तेलंखेडीच्या नावाची गोगलगाय

मृगाच्या सरी आल्या की नागपुरातल्या कुंपणांवर, कुंड्यांखाली गोगलगायी दिसू लागतात. या शहराच्या सर्वांत जुन्या गोगलगायी मात्र पश्चिम नागपूरच्या दगडात आहेत. त्यांची शास्त्रीय नावं मोठ्याने वाचून पाहा: लिम्निया तेलंखेडिएन्सिस, पॅलुडिना टाकळिएन्सिस, सक्सिनिया नागपुरेन्सिस. तेलंखेडी, टाकळी, नागपूर!

ही नावं ठेवली स्टीफन हिस्लॉप यांनी. १८४५ साली नागपुरात आलेले हे स्कॉटिश पाद्री आज बहुतेकांना कॉलेजच्या नावातून माहीत असतात. गावाच्या वायव्येला टाकळीच्या माळावर आणि सीताबर्डीच्या टेकडीवर ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर दगड पारखत हिंडले. १८५५ साली दोघांनी लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात नागपूर परिसराच्या भूगर्भावर लेख लिहिला. १८६० साली त्याच नियतकालिकात हिस्लॉप यांनी इथल्या शंखांची एकेक करून वर्णनं दिली.

नव्या जातीचं वर्णन म्हणजे चिकाटीचं काम. शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरायचा. उंची, रुंदी, आटे किती, आटे फुगीर की चपटे, दोन आट्यांमधली शिवण किती खोल, शेवटच्या आट्याने किती उंची व्यापली, तोंड गोल की लांबट, हे सगळं टिपायचं आणि जवळच्या जातींशी ताडून पाहायचं. हिस्लॉप यांच्याकडे फक्त कवचं होती. जिवंत गोगलगायीच्या बाबतीत आज तेवढ्यावर भागत नाही. तिची जननेंद्रियं, जिभेवरची बारीक दातांची पट्टी आणि डीएनएसुद्धा तपासावे लागतात. २०२१ साली आंबोलीच्या जंगलातून जाहीर झालेली वरदिया आंबोलिएन्सिस ही 'अर्धगोगलगाय' अशाच तपासणीतून नवी ठरली. तिचं कवच इतकं आखूड असतं की शरीर त्यात पुरतं मावतच नाही.

असा शंख धरला की बहुतेक गोगलगायींचं तोंड उजवीकडे येतं. टाकळीच्या थरांत मुबलक आढळणाऱ्या फायसा प्रिन्सेपीचं मात्र डावीकडे येतं. ही हिस्लॉप यांच्या आधीची, १८४० साली वर्णन झालेली जात. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांचं नाव तिला मिळालं आहे. गंमत अशी, की आपण देव्हाऱ्यात मानाने ठेवतो तो दुर्मीळ दक्षिणावर्ती शंखही शास्त्राच्या हिशेबात डावाच! पूजेत तो टोक खाली करून धरतात, म्हणून तोंड उजवीकडे येतं.

या गोगलगायी लाव्हाच्या दगडांत पोचल्या कशा? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहत होता. भारताचा हा तुकडा तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. लाव्हा सलग वाहिला नाही. एक थर निवला, त्याच्या खोलगटात पावसाचं पाणी साचलं, तळी झाली, काठांवर झाडं वाढली. टाकळीच्या थरात फळं, बिया आणि भुंग्यांचे पंखही मिळाले आहेत. पुढचा लाव्हा आला तेव्हा हा सारा संसार खाली गाडला गेला. पाण्यात विरघळलेल्या सिलिकाने हळूहळू कवचातल्या चुन्याची जागा घेतली आणि शंख गारगोटीसारखे टणक झाले. हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक काळातले मानले होते. आज ते त्याहून जुने, डायनासोरांच्या अखेरच्या दिवसांतले समजले जातात.

मला सर्वांत जवळची वाटते ती सक्सिनिया. फायसा, लिम्निया या पाण्यातल्या. सक्सिनियाचे आजचे भाऊबंद पाण्याच्या काठी, ओल्या झाडपाल्यावर राहतात. कवच मधाच्या रंगाचं, बोटांत चुरगळेल इतकं पातळ. तसलं कवच टिकलं, याचा अर्थ ते गाळात अलगद विसावलं असणार. नागपूरच्या त्या तळ्याला काठ होता, काठावर हिरवळ होती, हे ती सांगते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाले. त्यांच्या माळावर आता वस्ती आहे. शेजारच्या भागाचं नावच गिट्टीखदान. हे जीवाश्मांचे थर फार जाड नसतात. पायाच्या खोदकामात सहज निघून जातात. तेव्हा काळ्या दगडांच्या मधोमध राखाडी, गारगोटीसारखा पट्टा दिसला, तर गिट्टी होण्याआधी तो दगड उचलून पाहा. शंख दिसला तर टोक वर धरा. तोंड डावीकडे आलं, तर ती बहुधा फायसा. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. तिथे नेऊन दाखवा, आणि दगड नेमका कुठे सापडला ते जरूर सांगा.